सोप वेब सेवा एचटीटीपीवरून मेसेज क्यूवर नेताना : अपाचे सीएक्सएफ आणि ॲक्टिव्हएमक्यू यांची मांडणी

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर भरलेली गाडी येते, तिचे वजन होते, गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी गाडी पुन्हा काट्यावर येते आणि दोन वजनांतील फरकाची पावती छापली जाते. ही पावती शेतकी विभागाच्या मध्यवर्ती प्रणालीत लगेच नोंदवली जावी, म्हणून एका कारखान्यासाठी आम्ही जावामध्ये सोप वेब सेवा (ठरावीक घडणीच्या एक्सएमएल संदेशांतून विनंती घेणारी आणि उत्तर देणारी सेवा) लिहिली होती. काट्यावरचा प्रोग्राम एचटीटीपीने कार्यालयातील सर्व्हरला विनंती पाठवत असे आणि उत्तर आले की पावती छापत असे. दिवसा हे सुरळीत चाले. पण ऐन गाळप हंगामात रात्री दोन वाजता काटा आणि कार्यालय यांच्यातील जोडणी तुटली, की पावती अडे आणि पावतीसाठी ट्रॅक्टरची रांग रस्त्यापर्यंत जाई. शेवटी आम्ही सेवेचा इंटरफेस आणि डब्ल्यूएसडीएलमधील (सेवेचे वर्णन करणाऱ्या फाइलमधील) संदेशांची रचना जवळपास तशीच ठेवून मुख्यतः वाहतूक बदलली, म्हणजे एचटीटीपीच्या जागी मेसेज क्यू, अर्थात संदेशांची रांग, आणली.

हा बदल कसा करावा याचे टप्पे पुढे क्रमाने दिले आहेत. एण्डपॉइंटचा पत्ता बदलणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे. खरा विचार तीन गोष्टींचा करावा लागतो : उत्तर कोणत्या रांगेत येणार, त्याची वाट किती वेळ पाहायची आणि तीच विनंती दोनदा पोहोचली तर काय करायचे. एचटीटीपीमध्ये हे प्रश्न जोडणीच्या आड झाकलेले असतात. क्यूवर मात्र त्यांची उत्तरे आपल्यालाच लिहून द्यावी लागतात.

या मांडणीला अधिकृत आधार आहे. ‘सोप ओव्हर जावा मेसेज सर्व्हिस १.०’ हा विनिर्देश डब्ल्यूथ्रीसी या वेबची प्रमाणके ठरवणाऱ्या संस्थेने १६ फेब्रुवारी २०१२ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केला, आणि त्यात वापरल्या जाणाऱ्या ‘जेएमएस’ (जावा मेसेज सर्व्हिस, म्हणजे जावातून मेसेज क्यू वापरण्याची प्रमाण पद्धत) पत्त्याची रचना आरएफसी ६१६७ मध्ये २०११ साली ठरवली गेली. अपाचे सीएक्सएफ ही जावाची वेब सेवा लायब्ररी हे दोन्ही पाळते. लेखात कोडच्या ओळी उतरवण्याऐवजी प्रत्येक ओळीचे काम शब्दांत सांगितले आहे. वर्गांची आणि पॅरामीटरची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.

पहिला टप्पा : कोणत्या क्रिया क्यूवर न्यायच्या

सेवेतील सगळ्या क्रिया सरसकट क्यूवर नेऊ नयेत. ‘पावती नोंदवा’ या क्रियेला तात्काळ उत्तराची गरज नसते; नोंद नक्की होणार एवढी खात्री पुरते. ‘या शेतकऱ्याची एकूण किती खेप आली’ असे विचारणारी क्रिया वेगळी आहे, कारण समोर माणूस उत्तरासाठी थांबलेला असतो आणि दहा मिनिटांनी आलेले उत्तर त्याच्या कामाचे नसते. पहिल्या प्रकारच्या क्रियांना इंटरफेसमध्ये ‘वनवे’ (उत्तर न देणारी क्रिया) हे ॲनोटेशन लावावे, त्यांचा परतावा रिक्त ठेवावा आणि त्या क्यूवर न्याव्यात. दुसऱ्या प्रकारच्या क्रिया शक्य असेल तेथे एचटीटीपीवरच राहू द्याव्यात. काही कारणाने त्याही क्यूवर न्याव्या लागल्या, तर सहाव्या टप्प्यातील वेळेची गणिते डोळ्यांत तेल घालून तपासावीत.

वनवे क्रियेत सर्व्हरवरची चूक क्लायंटकडे परत येत नाही. त्यामुळे शेतकरी क्रमांक रिकामा नाही ना, वजन शून्याहून जास्त आहे ना, असल्या तपासण्या संदेश पाठवण्यापूर्वी काट्यावरच करून घ्याव्यात.

दुसरा टप्पा : ब्रोकर कोठे बसवायचा

ब्रोकर म्हणजे रांगा सांभाळणारा प्रोग्राम; आमच्याकडे तो ॲक्टिव्हएमक्यू. तो चुकीच्या जागी बसवण्याची चूक मी स्वतः केली होती, म्हणून ती सविस्तर सांगतो. पहिल्या मांडणीत आम्ही ब्रोकर कार्यालयातील सर्व्हरवर बसवला, आणि जोडणी तुटल्यावर पावती पूर्वीसारखीच अडली. कारण उघड होते : क्यू कितीही भरवशाचा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा रस्ता जर त्याच तुटक्या जोडणीवरून जात असेल, तर काहीच बदललेले नसते. नंतर ब्रोकर काट्यावरच्या यंत्रावर हलवला. काट्याचा प्रोग्राम त्याच यंत्रावरील ब्रोकरला संदेश देतो, ब्रोकर तो डिस्कवर लिहितो आणि कार्यालयातील सर्व्हर जोडणी असेल तेव्हा येऊन संदेश उचलतो. काटे अनेक असतील तर प्रत्येक ठिकाणी एक आणि कार्यालयात एक असे ब्रोकर ठेवून त्यांचे जाळे जोडता येते. ॲक्टिव्हएमक्यूमध्ये तशी सोय आहे. एका काट्यासाठी मात्र एकच ब्रोकर पुरेसा आहे, आणि सुरुवात त्यानेच करावी.

ॲक्टिव्हएमक्यू क्लासिक मुळात (म्हणजे मांडणीत काही न बदलल्यास) ६१६१६ या पोर्टवर संदेश स्वीकारतो आणि त्याचा वेब कन्सोल ८१६१ या पोर्टवर उघडतो. कार्यालयातून काट्याकडे ६१६१६ ची वाट फायरवॉलमधून मोकळी करावी लागेल. ८१६१ बाहेर उघडण्याचे कारण नाही.

तिसरा टप्पा : आवृत्त्यांचा मेळ

जावा ११ मधून जॅक्स-डब्ल्यूएस (वेब सेवा लिहिण्याची जावाची प्रमाण पद्धत) काढून टाकले गेले, त्यामुळे ते आता लायब्ररी म्हणूनच आणावे लागते. मेव्हन प्रकल्पात सीएक्सएफचे दोन भाग लागतात : जॅक्स-डब्ल्यूएसचा फ्रंटएण्ड आणि जेएमएसचा ट्रान्सपोर्ट. दोन्हींची आवृत्ती तंतोतंत सारखी ठेवावी. त्यासोबत ॲक्टिव्हएमक्यूची क्लायंट लायब्ररी घ्यावी.

सीएक्सएफ ३ हे ‘जावाएक्स’ नावाच्या जुन्या पॅकेजांवर चालते, तर सीएक्सएफ ४ ‘जकार्ता’ पॅकेजांवर चालते आणि त्याला किमान जावा १७ लागतो. ॲक्टिव्हएमक्यू ५ च्या नेहमीच्या क्लायंटमधील कनेक्शन फॅक्टरी जावाएक्सची आहे, तर ॲक्टिव्हएमक्यू ६ ची जकार्ताची. जोडी चुकली, तर कधी कंपायलर प्रकार जुळत नसल्याचे सांगतो आणि कधी चालू होताना वर्ग सापडत नसल्याची तक्रार येते. तेव्हा सीएक्सएफ ३ असेल तर ॲक्टिव्हएमक्यू ५, आणि सीएक्सएफ ४ असेल तर ॲक्टिव्हएमक्यू ६, एवढे सूत्र धरून चालावे. पाच क्रमांकाच्या मालिकेत राहायचे असल्यास ५.१५.१६, ५.१६.७, ५.१७.६ किंवा ५.१८.३ यांच्याहून जुनी आवृत्ती वापरू नये; ऑक्टोबर २०२३ मध्ये उघड झालेली, दूरवरून कोड चालवू देणारी गंभीर त्रुटी या आवृत्त्यांत बुजवली आहे.

चौथा टप्पा : पत्ता लिहिणे

एचटीटीपीचा पत्ता जेथे होता तेथे आता ‘जेएमएस:क्यू:काटा.पावती’ अशा घडणीचा पत्ता येतो. पहिला शब्द वाहतूक सांगतो, दुसरा प्रकार सांगतो आणि तिसरा रांगेचे नाव. दुसऱ्या जागी ‘टॉपिक’ (ऐकणाऱ्या प्रत्येकाला संदेशाची प्रत देणारा प्रकार) किंवा ‘जेएनडीआय’ (नावावरून साधन शोधून देणारी जावाची नोंदवही) असेही लिहिता येते. ॲप्लिकेशन सर्व्हरमध्ये रांगांची नावे आधीच नोंदलेली असतील तर जेएनडीआय सोयीचा. स्वतंत्र चालणाऱ्या प्रोग्रामसाठी सरळ क्यू बरा. वेब सेवेसाठी टॉपिक शक्यतो टाळावा, कारण टॉपिकवर ऐकणारे दोन सर्व्हर असले तर दोघेही तीच पावती नोंदवतील.

पत्त्यानंतर प्रश्नचिन्ह देऊन पॅरामीटर जोडता येतात. रोजच्या वापराचे थोडेच आहेत. ‘डिलिव्हरीमोड’ मुळात टिकाऊ असतो, म्हणजे ब्रोकर बंद पडून पुन्हा सुरू झाला तरी संदेश राहतो. तो तसाच ठेवावा. ‘टाइमटूलिव्ह’ म्हणजे संदेशाचे आयुष्य मिलिसेकंदांत, आणि मूळ शून्याचा अर्थ अमर्याद असा आहे. ‘रिप्लायटूनेम’ उत्तराची रांग सांगतो. ‘रिसीव्हटाइमआउट’ म्हणजे क्लायंटने उत्तराची वाट पाहण्याची मर्यादा, मुळात ६०,००० मिलिसेकंद. ‘मेसेजटाइप’ मुळात बाइट असतो. तो टेक्स्ट केला तर कन्सोलवर संदेश उघडून सोपचा मजकूर डोळ्यांनी वाचता येतो, आणि चाचणीच्या दिवसांत याचा फार उपयोग होतो.

हा पत्ता स्प्रिंगच्या एक्सएमएल फाइलमध्ये लिहित असाल, तर दोन पॅरामीटरमधील अँपरसँड चिन्ह तसेच न टाकता एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे एस्केप करून लिहावे. नाहीतर फाइल वाचतानाच पार्सर थांबतो.

पाचवा टप्पा : सर्व्हर आणि क्लायंट

सर्व्हरच्या बाजूने आधी ॲक्टिव्हएमक्यूची कनेक्शन फॅक्टरी तयार करावी आणि तिला ब्रोकरचा टीसीपी पत्ता द्यावा. तो पत्ता ‘फेलओव्हर’ या आवरणात गुंडाळला, तर जोडणी तुटल्यावर लायब्ररी आपणहून पुन्हा जोडण्याचा प्रयत्न करत राहते. कार्यालयातील सर्व्हरला नेमके हेच हवे आहे. त्यानंतर ‘जॅक्स डब्ल्यूएस सर्व्हर फॅक्टरी बीन’ घेऊन तिला सेवेचा इंटरफेस, अंमलबजावणीचे ऑब्जेक्ट आणि वरचा पत्ता द्यावा. ट्रान्सपोर्टच्या ओळखीसाठी डब्ल्यूथ्रीसीच्या सोप-जेएमएस विनिर्देशाचा अभिज्ञापक द्यावा, जो सीएक्सएफच्या ‘जेएमएस स्पेक कॉन्स्टंट्स’ या वर्गात तयार मिळतो. शेवटी ‘कनेक्शन फॅक्टरी फीचर’ या वर्गात आपली फॅक्टरी घालून ते फीचर बीनच्या यादीत जोडावे आणि ‘क्रिएट’ म्हणावे. सीएक्सएफ ३ पासून आलेल्या या फीचरमुळे साध्या प्रोग्रामला जेएनडीआयची गरज उरत नाही.

क्लायंटची मांडणी जवळपास याचीच प्रतिमा आहे : ‘जॅक्स डब्ल्यूएस प्रॉक्सी फॅक्टरी बीन’, तोच इंटरफेस, तोच पत्ता, तेच फीचर. दोन गोष्टींत फरक ठेवावा. क्लायंटकडून प्रत्येक विनंतीला नवे सेशन उघडले जाते, म्हणून तेथे सेशन राखून ठेवणारी पूल असलेली फॅक्टरी वापरावी. आणि क्लायंटने फेलओव्हर वापरला तर त्याला टाइमआउट नक्की द्यावा. तो न दिल्यास ब्रोकर बंद असताना पाठवणारा थ्रेड अनिश्चित काळ अडकून बसतो, आणि काट्यावरच्या माणसाला पडदा गोठलेला दिसतो.

एचटीटीपीवर पत्त्यापुढे डब्ल्यूएसडीएल मागता येत असे. क्यूवर तसे मागता येत नाही. म्हणून डब्ल्यूएसडीएलची फाइल क्लायंटच्या प्रकल्पात ठेवून द्यावी.

टिकाऊ संदेश ट्रान्झॅक्शनशिवाय पाठवला, की ॲक्टिव्हएमक्यूचा क्लायंट मूळ मांडणीत ब्रोकरची पोच येईपर्यंत थांबतो. म्हणून वनवे कॉल चूक न होता परत आला, याचा अर्थ पावती ब्रोकरच्या डिस्कवर पोहोचली आहे. आम्ही पावती छापण्याचा क्षण हाच धरला.

सहावा टप्पा : उत्तर आणि वेळ

उत्तर हवे असलेल्या क्रियेत रिप्लायटूनेम दिला नाही, तर सीएक्सएफ तात्पुरती रांग बनवते. ही रांग क्लायंटच्या जोडणीपुरतीच जगते. क्लायंट बंद पडला की रांगही जाते आणि सर्व्हरचे उत्तर पोहोचवायला ठिकाण उरत नाही. बहुतेक वेळा हे चालण्यासारखे असते. ठराविक नावाची उत्तररांग दिली आणि तिच्यावर अनेक क्लायंट ऐकत असले, तर कोणाचे उत्तर कोणते हे कोरिलेशन आयडीवरून, म्हणजे विनंती आणि तिचे उत्तर जुळवणाऱ्या खुणेवरून, ओळखले जाते. सीएक्सएफ त्यासाठी प्रत्येक क्लायंटला वेगळा उपसर्ग देऊन त्याप्रमाणे सिलेक्टर (संदेश निवडणारी चाळणी) लावते. ही सोय ‘यूज कण्डुइट आयडी सिलेक्टर’ने बंद करता येते, पण सामाईक उत्तररांग असताना ती बंद करू नये.

आता ज्या चुकीने आमच्याकडे एकाच खेपेच्या दोन नोंदी झाल्या, ती पाहू. पावतीची क्रिया तेव्हा वनवे नव्हती. क्लायंट ६० सेकंद थांबला, उत्तर आले नाही, त्याने चूक दाखवली आणि काटेवाल्याने पुन्हा बटण दाबले. पहिली विनंती मात्र रांगेत जिवंतच होती, कारण तिचे आयुष्य शून्य, म्हणजे अमर्याद होते. जोडणी आल्यावर सर्व्हरने पहिली विनंती नोंदवली आणि लगोलग दुसरीही. एचटीटीपीच्या सवयीने आपण धरून चालतो की क्लायंटने वाट पाहणे सोडले म्हणजे विनंती संपली. क्यूवर विनंती क्लायंटच्या पश्चातही उरते.

म्हणून उत्तर अपेक्षित असलेल्या क्रियेत टाइमटूलिव्ह हा रिसीव्हटाइमआउटच्या आत ठेवावा. उदाहरणार्थ, क्लायंट ६०,००० मिलिसेकंद थांबणार असेल तर संदेशाला ५०,००० मिलिसेकंद आयुष्य द्यावे. यातही एक खाच आहे : संदेश कधी संपतो हे पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे लिहिले जाते आणि ब्रोकर किंवा उचलणारा ते स्वतःच्या घड्याळाशी ताडून पाहतो. दोन यंत्रांच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असला, तर संदेश पोहोचण्यापूर्वीच संपलेला ठरू शकतो. दोन्ही यंत्रांची वेळ एनटीपीने जुळवून घ्यावी. ब्रोकरच्या वेळेप्रमाणे शिक्का मारणारा ‘टाइमस्टॅम्प प्लगिन’ही ॲक्टिव्हएमक्यूमध्ये आहे. वनवे पावतीचा नियम याच्या नेमका उलट आहे. तिचे आयुष्य शून्यच ठेवावे, कारण ती कितीही उशिरा पोहोचली तरी नोंदवायचीच आहे.

सातवा टप्पा : चूक, पुनर्वाटप आणि दुहेरी नोंद

मुळात सीएक्सएफचा जेएमएस ट्रान्सपोर्ट ट्रान्झॅक्शन वापरत नाही. सर्व्हरच्या पत्त्यात ‘सेशन ट्रान्झॅक्टेड’ खरे केले, की संदेश उचलणे आणि सेवेचे काम पूर्ण होणे हे एका सेशनमध्ये बांधले जाते, आणि काम करताना रनटाइम एक्सेप्शन आले तर संदेश रांगेत परतावा अशी मांडणी होते. हा पॅरामीटर सर्व्हरच्याच पत्त्यात लिहावा. आपल्या आवृत्तीत आणि आपल्या इंटरसेप्टरच्या साखळीत वनवे क्रियेवर तो अपेक्षेप्रमाणे वागतो की नाही, हे अंमलबजावणीत मुद्दाम एक्सेप्शन फेकून पाहावे; संदेश पुन्हा येताना लॉगमध्ये दिसल्याशिवाय पुढे जाऊ नये.

संदेश परतला, की ॲक्टिव्हएमक्यूचा क्लायंट मूळ मांडणीत एक-एक सेकंदाच्या अंतराने आणखी सहा वेळा प्रयत्न करतो आणि मग संदेश ‘ॲक्टिव्हएमक्यू.डीएलक्यू’ या मृत रांगेत टाकतो. हे गणित मनात नीट बसवावे. डेटाबेस वीस मिनिटे बंद राहिला, तर सहा प्रयत्न काही सेकंदांतच संपतात आणि त्या वीस मिनिटांतल्या सगळ्या पावत्या एकामागून एक मृत रांगेत जाऊन पडतात. म्हणून कनेक्शन फॅक्टरीच्या ‘रिडिलिव्हरी पॉलिसी’त वाढत जाणारे अंतर चालू करावे, त्याला कमाल मर्यादा द्यावी आणि प्रयत्नांची संख्या डेटाबेस दुरुस्त व्हायला लागणाऱ्या वेळेच्या हिशेबाने ठरवावी. मूळ मांडणीत या प्रयत्नांदरम्यान तो कन्झ्युमर (रांगेतून संदेश उचलणारा) पुढचा संदेश घेत नाही, त्यामुळे क्रम टिकतो, आणि येथे तेच इष्ट आहे.

दोन प्रकारच्या चुका मात्र वेगळ्या ठेवाव्यात. डेटाबेस बंद असणे ही थोड्या वेळाने सुटणारी अडचण आहे. तेथे एक्सेप्शन बाहेर जाऊ द्यावे. शेतकरी क्रमांकच अस्तित्वात नसेल, तर संदेश शंभर वेळा आणला तरी निकाल बदलणार नाही. तेथे पावती नाकारलेल्या नोंदींच्या तक्त्यात लिहून क्रिया शांतपणे पूर्ण करावी, आणि तो तक्ता शेतकी विभागाच्या माणसाने रोज सकाळी पाहावा.

सेशनचे ट्रान्झॅक्शन आणि डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन ही दोन वेगळी आहेत. डेटाबेसमध्ये नोंद पक्की झाली आणि सेशन पक्के होण्यापूर्वी वीज गेली, तर तोच संदेश पुन्हा येणार. एक्सए (अनेक साधनांवर मिळून एकच ट्रान्झॅक्शन चालवण्याची पद्धत) वापरून दोन्ही एकत्र बांधता येतात, पण त्यासाठी वेगळा ट्रान्झॅक्शन मॅनेजर सांभाळावा लागतो, आणि माझ्या मते एवढ्याशा कामासाठी तो भार घेऊ नये. त्याऐवजी हंगाम, काटा क्रमांक आणि पावती क्रमांक या तिघांवर मिळून डेटाबेसमध्ये युनिक बंधन घालावे, आणि बंधन मोडल्याची चूक आली तर ‘ही नोंद आधीच झाली आहे’ असे समजून क्रिया यशस्वी धरावी. पावती क्रमांक काट्यावर, गाडीचे वजन पक्के होताना तयार व्हावा. बटण दाबताना नव्हे. तरच दुसऱ्यांदा दाबलेले बटण तोच क्रमांक पाठवील.

आठवा टप्पा : एकाहून अधिक कन्झ्युमर

‘कन्करंट कन्झ्युमर्स’ मुळात एक असतो. तो वाढवला की वेग वाढतो, पण संदेशांचा क्रम राहत नाही. त्याशिवाय ॲक्टिव्हएमक्यू रांगेसाठी एका कन्झ्युमरला मुळात १,००० संदेशांपर्यंत आगाऊ देऊन ठेवतो, त्यामुळे एकाच्या पुढ्यात ढीग आणि बाकीचे रिकामे असे दिसू शकते. कन्झ्युमर वाढवायचेच असतील तर ब्रोकरच्या पत्त्यात क्यूचा ‘प्रीफेच’ कमी करून एकपर्यंत आणावा. काट्याच्या पावत्यांसाठी एकच कन्झ्युमर पुरला.

नववा टप्पा : सुरक्षा

ब्रोकरच्या कन्सोलचे मूळ वापरकर्ता नाव आणि पासवर्ड दोन्ही ‘ॲडमिन’ असतात. ते पहिल्याच दिवशी बदलावेत. संदेशांच्या पोर्टलाही पासवर्ड लावावा. यंत्रे एकाच आवारात नसतील तर टीसीपीऐवजी टीएलएस वापरावे. जेएमएसचा पत्ता कधीही वापरकर्त्याने भरलेल्या मजकुरातून बनवू नये. त्यातील जेएनडीआयचे पॅरामीटर परक्या सर्व्हरकडे वळवून घातक कोड चालवता येऊ शकतो.

दहावा टप्पा : चाचणी आणि बदलाचा दिवस

पहिली चाचणी क्लायंटकडूनच करावी. सोपचा मजकूर हाताने रांगेत टाकला, तर त्याच्यासोबत विनिर्देशाने सांगितलेले गुणधर्म नसतात. विनंतीचा पत्ता आणि मजकुराचा प्रकार सांगणारे ‘सोपजेएमएस’ या उपसर्गाचे गुणधर्म नसले, की सर्व्हर ते नसल्याचा फॉल्ट देतो, आणि नवखा माणूस मांडणीतच चूक शोधत बसतो.

मग सर्व्हर मुद्दाम बंद करून काट्यावरून पाच पावत्या पाठवाव्यात. कन्सोलवर ‘काटा.पावती’ या रांगेसमोर शिल्लक संदेश पाच, कन्झ्युमर शून्य, आत आलेले पाच, बाहेर गेलेले शून्य असे आकडे दिसले पाहिजेत. आता ब्रोकर बंद करून पुन्हा सुरू करावा : शिल्लक पाचच राहिली पाहिजे. सर्व्हर सुरू केल्यावर कन्झ्युमर एक होतो, शिल्लक शून्यावर येते आणि डेटाबेसमध्ये पाच नोंदी दिसतात. नंतर तीच पावती दोनदा पाठवून नोंद एकच झाल्याची खात्री करावी, आणि शेवटी डेटाबेस अर्धा तास बंद ठेवून मृत रांग रिकामी राहते का ते पाहावे.

बदल एका झटक्यात करू नये. सीएक्सएफमध्ये एकाच अंमलबजावणीच्या ऑब्जेक्टला दोन पत्त्यांवर प्रकाशित करता येते, एक एचटीटीपीचा आणि एक जेएमएसचा. दोन्ही चालू ठेवून आधी एक काटा क्यूवर न्यावा, आठवडाभर रोजच्या छापील पावत्यांची संख्या आणि नोंदींची संख्या ताडून पाहावी, आणि मग बाकीचे काटे न्यावेत. मृत रांगेत एकही संदेश आला तर जबाबदार माणसाच्या फोनवर सूचना जाईल अशी सोय याच आठवड्यात करून घ्यावी, कारण त्या रांगेतला प्रत्येक संदेश म्हणजे कोणा शेतकऱ्याच्या उसाची, जिचे पैसे निघायचे थांबले आहेत अशी एक खेप आहे. शेवटचा काटा गेल्यानंतर पावतीचा एचटीटीपी पत्ता सर्व्हरच्या मांडणीतून काढून टाकावा, म्हणजे कोणी जुना प्रोग्राम चुकून चालवला तर तो पहिल्याच विनंतीला उघडा पडेल.